क्लच प्लेट गेली म्हणतायत, पण खरंच गेली का? (वॅगनआर पेट्रोल)

चोडणकार

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, २०१२ची, पेट्रोल, ८७ हजार किलोमीटर, पहिल्यापासून आमच्याकडेच. रोजचा रस्ता चोडण ते पणजीतलं पाटो, मध्ये फेरीबोट.

त्रास असा आहे की जूनपासून सकाळी गाडी चालू केली की पहिला गिअर पडत नाही, ढकलून ढकलून घालावा लागतो आणि रिव्हर्स टाकायला गेलं तर असा कर्रर्र आवाज येतो की शेजारचं कुत्रं उठून बसतं. इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. जुलैत धक्क्याजवळच्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून कायतरी आवळलं, शंभर रुपये घेतले, पंधरा-वीस दिवस मस्त चालली. मग चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) जरा आधी फेरीतून वर चढताना जळका वास यायला लागला. आता दोन्ही आहे, वास पण आणि कर्रर्र पण.

काल दुसऱ्या गॅरेजात नेली. तो गाडीत बसला, एकदा क्लच दाबला, सोडला आणि म्हणाला प्लेट गेली, पूर्ण सेट घालावा लागेल, साडेनऊ हजार, गाडी दोन दिवस ठेवा. खाली वाकून बघितलं पण नाही हो. चवथीत माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची सजावट), फटाके आणि पाहुणे यात खिसा आधीच साफ झालाय. घालायचाच असेल तर घालतो, पण आधी मला कोणीतरी सांगा की हे प्लेटचंच आहे कशावरून?

मिरामारचा वारा

प्लेटच. ८७ हजार म्हणजे रोज फेरीबोटीने जाणाऱ्या गाडीने भरपूर दिले. सेट घाल आणि मोकळा हो, उगाच धागा कशाला.

फातोर्डा एक्सप्रेस

फेरीची रांग उताराला उभी असते आणि अर्धे लोक हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी धरून मोबाईल बघत बसतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तू त्यातला असशील तर प्लेट गेलीच समज. नसशील तर वाट बघ, चौदाचा पाना काका आले की सांगतील.

चोडणकार

हँडब्रेक ओढतो हो मी. कधीकधी नाही ओढत. पण बहुतेक वेळा ओढतो.

चौदाचा पाना

आलो. माझी ३१ वर्षं डिचोलीकडे खाणीच्या ट्रकांच्या वर्कशॉपात गेली, २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसलो, त्यामुळे आता वेळच वेळ आहे, लांबलचक लिहिलं तर वाचून घ्या.

चोडणकार बाब, तू जी दोन दुखणी सांगितलीस ती एकमेकांच्या उलट आहेत. प्लेट गेली म्हणणाऱ्या मेकॅनिकने इथेच थांबून डोकं खाजवायला पाहिजे होतं.

दोन तळहातांमध्ये पोई, म्हणजे आपला चपटा गोल पाव, धरली आहे असं समज. एक तळहात फ्लायव्हील, म्हणजे इंजिनचा. दुसरा प्रेशर प्लेट. मधली पोई म्हणजे क्लच प्लेट आणि ती गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेली. तळहात घट्ट दाबलेले असले की पोई हातांबरोबर फिरते, गाडी चालते. तू पेडल दाबलंस की हात सैल होतात, हात फिरत राहतात आणि पोई थांबते, मग गिअर बदलता येतो. आता बिघडायचे मुख्य मार्ग दोन. हात पुरेसे घट्ट दाबत नाहीत किंवा पोई झिजून पातळ झाली, मग ती हातातून घसरते, इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, वास येतो. याला स्लिप म्हणतात. दुसरं म्हणजे पेडल पूर्ण दाबूनसुद्धा हात सुटत नाहीत, पोई थोडी घासत फिरतच राहते, मग गिअर अडतो, रिव्हर्स कर्रर्र करतो. याला ड्रॅग म्हणतात.

झिजलेल्या प्लेटने स्लिप होतो. रिव्हर्सची कर्रर्र नुसत्या झिजेने सहसा होत नाही. तुझी सुरुवात कर्ररर्रपासून झाली, वास नंतर आला, तोसुद्धा कोणीतरी आवळाआवळ केल्यानंतर. म्हणून मला संशय प्लेटवर नाही, पेडल आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या भागावर आहे. तुझ्या गाडीत तिथे केबल आहे. त्या शंभर रुपयेवाल्याने केबलचा नट आवळला असणार.

गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी या गोष्टी कर, एक रुपया लागत नाही.

पेडल हाताने दाब, पायाने नको. सुरुवातीचा थोडा भाग हलका लागला पाहिजे, साधारण एक-दोन सेंटिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. याला फ्री प्ले म्हणतात. तो शून्य असेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणारं) कायम प्रेशर प्लेटला टेकून आहे, म्हणजे तू पाय न ठेवता गाडी हाफ क्लचवर चालवतोयस.

मग सपाट जागेवर गाडी गरम असताना न्यूट्रलला ठेव, क्लच पूर्ण दाब, मनात दहा आकडे मोज आणि मग रिव्हर्स घाल. एवढं थांबून पण कर्रर्र आलं तर ड्रॅग नक्की. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारा भाग) नसतो, त्यामुळे दाबल्या दाबल्या घातला तर चांगली गाडी पण किंचित ओरडते, म्हणून मोजायचं.

आणि स्लिपसाठी चढाव शोध. चौथा गिअर, ताशी ४० आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनचा काटा वर पळाला आणि वेग जागच्या जागी, तर स्लिप. लोक सांगतात हँडब्रेक ओढून चौथ्यात क्लच सोड, बंद पडली तर प्लेट चांगली. ती परीक्षा ढोबळ आहे, अर्धी मेलेली प्लेट पण त्यात पास होते आणि तीन-चार वेळा केलंस तर उरलेली पण जळते.

मिरामारचा वारा

काका एवढं सगळं करण्यापेक्षा सेट घातला तर दोन्ही जाणार ना.

पेडण्याचा पाहुणा

मिरामारवाले, दोन्ही जाणार असं समजून मी पण सेट घातला होता माझ्या जुन्या गाडीत. पहिला गिअर सोडताना गाडी अशी थरथरायची की आई म्हणायची हिला हुडहुडी भरलीय. गॅरेजवाल्याने प्लेट बदलली, आठ महिने बरं गेलं, मग परत तीच हुडहुडी वर स्लिप पण. दुसऱ्या माणसाने उघडलं तर नवीन प्लेट तेलाने माखलेली. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागचं ऑइल सील गळत होतं, पहिल्या वेळी पण गळतच असणार, पण पहिल्याने बघितलंच नाही, किंवा बघून गप्प बसला. सील दीडशे-दोनशे रुपयांचं होतं हो. त्याच्यासाठी दोनदा गिअरबॉक्स उतरवला.

तेव्हापासून मी जुने पार्ट डिकीत घालून घरी आणतो. प्लेटवरचे रिव्हेट वर आले आहेत का, एका बाजूलाच झिजलीय का, तेलकट आहे का, हे जुनी प्लेट हातात घेतल्याशिवाय कळत नाही. खाली इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला तेलाचा ओला डाग आहे का ते चोडणकरांनी पण बघावं.

सत्तरीची सून

मी केबलवाली नाही, हायड्रॉलिकवाली (क्लच केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालतो), पण काकांचं म्हणणं पटतं म्हणून लिहिते. आमची डिझेल गाडी आहे. मागच्या वर्षी बेळगावहून येताना चोर्ला घाटात पेडल हळूहळू मऊ होत गेलं आणि एका वळणावर दाबलं ते वर आलंच नाही, फळीला चिकटून बसलं. पायाच्या चवड्याने उचलून काढलं. तीन-चार वेळा पटापट दाबलं की एक गिअर पडायचा. असं करत करत वाळपईपर्यंत आणली, नवरा बाजूला बसून देवाचं नाव घेत होता, गाडी चालवायला ये म्हटलं तर नको म्हणाला.

एकाने सेट सांगितला, वीस हजाराच्या पुढे. माझा भाऊ म्हणाला आधी ब्रेक ऑइलची डबी बघ. कारण बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्याच डबीतून एक नळी जाते. पातळी खाली गेलेली होती. गाडीखाली गिअरबॉक्सच्या बाहेरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर) रबर ओलं, बोट लावलं तर बुळबुळीत. तो एक सिलिंडर बदलला, हवा काढली, ऑइल नवीन भरलं, झालं.

ज्यांच्याकडे हायड्रॉलिक आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, पेडल भराभर दाबल्यावर गिअर पडत असेल तर आत हवा आहे किंवा कुठेतरी गळतंय, प्लेटचा संबंध नाही. ड्रायव्हरच्या पायाशी मॅटखाली ओलं असेल तर पेडलजवळचा वरचा मास्टर सिलिंडर गळतोय. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आतच बेअरिंगला धरून असतो, तो गेला तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, मग तेव्हाच प्लेट बघून घ्यावी.

चौदाचा पाना

ताईंनी एकदम बरोबर सांगितलं. भर एवढीच घालतो की ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने हवेत पाणीच. दोन वर्षांनी बदलावं. डबीत चहासारखं काळपट दिसत असेल तर वाट पण बघू नये.

तारवटी

जहाजावरून लिहितोय, नेट जाईल तोवर. चोडणकार, तुमची गाडी पावसात बरेच दिवस उभी होती का? माझं दर वेळचं आहे. मी सहा-सात महिने जहाजावर, गाडी माडाखाली उभी. एकदा ऑक्टोबरात घरी आलो, बॅटरी जोडली, इंजिन चालू, पण कुठलाच गिअर पडेना, पेडल दाबा नाहीतर सोडा. प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. पेडल, केबल सगळं ठीक.

चोडणकार

नाही, रोज चालते गाडी. पण तुमची सुटली कशी शेवटी?

तारवटी

शेजारच्या दादाने सोडवली. इंजिन चांगलं गरम केलं, बंद केलं, मोकळ्या मैदानात नेऊन दुसरा गिअर घातला, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारला, गाडी धक्के खात चालायला लागली, मग क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाब-सोड दाब-सोड. फाटकन आवाज आला आणि सुटली. पुढे मैदान संपत आलं होतं तो भाग सांगत नाही.

चौदाचा पाना

हे रस्त्यावर कोणी करू नका. मोकळं मैदान, पुढे माणूस-गुरं नाहीत, आणि दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर सोडून द्या, प्लेटचं अस्तर उखडून येतं. जहाजावर जाणाऱ्यांनी घरच्यांना सांगावं की पंधरा दिवसांतून एकदा नुसती चालू करू नका, क्लच दाबून गिअर घालून थोडी पुढेमागे करा.

गोमेकॉ ते वास्को

मध्येच विचारतो, माझ्या गाडीत क्लचवर पाय ठेवला की किरकिर आवाज येतो, रातकिड्यासारखा, पाय काढला की बंद. ही पण केबल का?

चौदाचा पाना

ते रिलीज बेअरिंग. पेडल दाबल्यावर आवाज येतो आणि सोडल्यावर जातो तर संशय तिथेच. उलट असेल, म्हणजे न्यूट्रलला पाय न लावता घुंघुं आवाज आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. पहिल्यात काही दिवस चालवता येईल, पण बेअरिंग फुटलं तर रस्त्यात उभा राहशील. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय आहे का?

गोमेकॉ ते वास्को

आहे. पर्वरीच्या ट्रॅफिकने लावली. आधी नव्हती.

फातोर्डा एक्सप्रेस

पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाने क्लचचे सेट विकणाऱ्यांची चवथ झालीय.

चोडणकार

काकांनी सांगितलेलं सगळं केलं आज, रविवार सत्कारणी.

फ्री प्ले: शून्य. हात लावला की लगेच जड. म्हणजे तो शंभर रुपयेवाला नट आवळून शेवटपर्यंत घेऊन गेलाय, आता आवळायला आटे पण उरलेले नाहीत.

रिव्हर्स: दहा मोजले, तरी कर्रर्र. पंधरा मोजले, तरी कर्रर्र. सपाट जागी पहिला घालून क्लच पूर्ण दाबला तरी गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. हे मी आजपर्यंत कधी बघितलंच नव्हतं कारण आमच्याकडे सपाट जागा म्हणजे फेरीतली.

चढाव: माझ्या मॉडेलला आरपीएमचा काटाच नाही, त्यामुळे कानावर गेलो. मेरशीहून बांबोळीचा चढ, भाऊ आणि दोन पुतणे मागे बसवले. चौथ्यात ४०ला पूर्ण दाबलं तर आवाज चढला, गाडी अर्धा सेकंद विचारात पडली, मग ओढायला लागली. दुसऱ्यांदा तसंच. थोडा वास आला.

गिअरबॉक्सच्या सांध्याला तेल नाही, कोरडं, नुसती तांबडी धूळ. इंजिन पण धरून हलवलं, माउंटिंग ठीक वाटतात. पुतण्याला पेडल दाबायला लावून मी खाली गिअरबॉक्सवरचा आर्म (केबल ज्याला ओढते तो दांडा) बघितला. पेडल तळाला जातं तेव्हा आर्म थोडाच हलतो, आणि सोडल्यावर लगेच परत येत नाही, आळशासारखा हळूहळू येतो.

पण काका, एक गोष्ट डोक्यात बसत नाही. ही केबल मागच्या वर्षी जानेवारीतच नवीन घातलीय. दीड-पावणेदोन वर्षांत केबल कशी जाईल? म्हणून मला परत वाटायला लागलं की प्लेटच असणार.

मिरामारचा वारा

बघ. म्हटलं होतं.

चौदाचा पाना

बाब, तू आता शेवटच्या दोन परिच्छेदांत महत्त्वाचं सांगितलंस.

हळूहळू परत येणारा आर्म म्हणजे केबल आतमध्ये चिकटतेय. पेडलचा अर्धा जोर केबल ताणण्यात जातो, आर्मपर्यंत पोचत नाही, म्हणून ड्रॅग. आणि वर नट शेवटपर्यंत आवळलेला, त्यात केबल पूर्ण परत येत नाही, म्हणजे पाय काढल्यावर पण क्लच थोडा दाबलेलाच राहतो, हात पूर्ण घट्ट होत नाहीत, म्हणून स्लिप. दोन उलट दुखणी एकाच केबलने दिली.

पण दीड वर्षात नवीन केबल का चिकटली हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर न शोधता तू तिसरी केबल घातलीस तर ती पण जाईल. मला तीन गोष्टी सांग. सकाळी सेल्फ जोरात फिरतो का दमल्यासारखा? बॅटरी कधी बदललीस? आणि सेल्फ दोन-तीन वेळा मारल्यावर लगेच बॉनेट उघडून केबलच्या काळ्या आवरणाला हात लाव, गरम लागतं का?

चोडणकार

सेल्फ दमल्यासारखा फिरतो, पण ते बॅटरीचं वाटलं म्हणून मे महिन्यात नवीन बॅटरी घातली. दोन आठवडे बरा होता, मग परत तसाच. तिसरी गोष्ट उद्या सकाळी बघतो. पण केबल गरम का होईल?

मिरामारचा वारा

काका कायतरीच. क्लचच्या केबलला करंट लागतो का? ती काय वायर आहे?

चौदाचा पाना

लोखंडाची दोरी म्हणजे वायरच की.

सेल्फ मोटर चालू होताना शंभर अँपिअरच्या वर करंट खाते. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरीत जातो आणि तिथून इंजिनच्या धातूतून निगेटिव्हला परत यायला पाहिजे. परत यायचा रस्ता म्हणजे निगेटिव्हपासून गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर आवळलेल्या जाड अर्थिंगच्या वायरी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे या वायरी सोडल्या तर इंजिन आणि बॉडी यांच्यात धड जोड नसतो. आता गिअरबॉक्सवरचं ते टोक खाऱ्या हवेने गंजलं, बोल्टखाली पांढरी-हिरवी भुकटी जमली, तर करंट थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो. इंजिनला बॉडीशी जोडणारं धातूचं जे काही असेल त्यातून. क्लचची केबल एका टोकाला पेडलला, म्हणजे बॉडीला, आणि दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्सला. आयता पूल. दर सेल्फला ती तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, दोरीला चिकटतं.

खाणीवरच्या गाड्यांत हे मी बघितलंय, अ‍ॅक्सिलरेटरची केबल तापून धूर आलेला. आणि तू रोज दोनदा मांडवी ओलांडतोस खाऱ्या वाऱ्यात, फेरीत इंजिन बंद करून परत चालू करतोस, म्हणजे इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट सेल्फ. माझं चुकत असेल तर उद्या हात लावून कळेलच.

तपासायची अजून एक सोपी पद्धत. जंपर केबल घे, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, फिरणाऱ्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) लांब. मग सेल्फ मार. एकदम जोरात फिरला तर अर्थिंगच मेलंय.

चोडणकार

काका!!

सकाळी साडेसातला, अजून फेरीला पण गेलो नव्हतो. तीन वेळा सेल्फ मारला, बॉनेट उघडून केबल धरली तर गिअरबॉक्सकडचं टोक चहाच्या कपाएवढं गरम. इंजिन थंडगार, केबल गरम! बाबांना बोलावून हात लावायला दिला, ते म्हणाले ही भुताटकी आहे. मग शेजाऱ्याची जंपर केबल लावली आणि सेल्फ मारला तर असा फिरला की बाबा दोन पावलं मागे सरले. मे महिन्यात बॅटरीला घातलेले पैसे आठवले आणि जरा बसून राहिलो.

सत्तरीची सून

अंगावर काटा आला वाचून. आमच्या गाडीचं पण अर्थिंग बघायला सांगते.

मिरामारचा वारा

बरं. मी गप्प.

चौदाचा पाना

आता घाई करू नको. आधी अर्थिंग, मग केबल. उलट केलंस तर घरी येईपर्यंत नवीन केबल भाजशील. अर्थिंगचं टोक काढून धातू चमकेपर्यंत पॉलिश पेपरने घास, वायर आतून हिरवी झाली असेल तर वायरच बदल, आवळल्यावर वरून ग्रीस फास. केबल घातल्यावर नट फ्री प्ले ठेवूनच आवळायला सांग, समोर उभा राहा. आणि मग परत तोच चढ, तीच माणसं, तोच गिअर.

चोडणकार

झालं काम. एका इलेक्ट्रिशियनकडे गेलो, आधी हसला, मग बॅटरीचा ट्रे काढला आणि हसायचा थांबला. ट्रेच्या खाली गिअरबॉक्सवरचा बोल्ट दिसतच नव्हता, नुसता पांढरा फुगलेला गोळा. वायर वाकवली तर आतून मोडली, हिरवी भुकटी पडली हातावर. नवीन वायर, बॉडीकडचं टोक पण घासून घेतलं. मग क्लच केबल. जुनी बाहेर काढली तर आवरण दोन ठिकाणी सुरकुतलेलं, आतून दोरी ओढली तर काळं प्लास्टिक ताणत बाहेर आलं, गुळाच्या पाकासारखं. ब्रॅकेटजवळ दोरीचे नऊ तार तुटलेले मी मोजले. वायर, केबल, मजुरी सगळं मिळून साडेतेराशे.

पेडल इतकं हलकं झालंय की पहिल्या सिग्नलला गाडी बंद पाडली. रिव्हर्स: पाच मोजले, आवाज नाही. पहिल्यात क्लच दाबून सपाट जागी, गाडी दगडासारखी उभी.

बांबोळीचा चढ, भाऊ आणि दोन पुतणे (आइस्क्रीमच्या बोलीवर). चौथा, ४०, पूर्ण दाबलं. आवाज आणि वेग बरोबर चढले. तीन वेळा केलं. पहिल्या वेळी किंचित वास आला, नंतर नाही.

चौदाचा पाना

उत्तम. पहिला वास भाजलेल्या अस्तराचा असेल. पण जुलैपासून दोन महिने ती प्लेट घसरत होती हे विसरू नको, तिचं थोडं आयुष्य गेलंय. दर महिन्याला एकदा तोच चढ कर. स्लिप परत आली आणि फ्री प्ले बरोबर असेल, तर तेव्हा मात्र प्लेट. त्या वेळी प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकत्र, मागचं सील बघून, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून. आणि पेडणेकरांसारखे जुने पार्ट घरी आण.

पेडण्याचा पाहुणा

माझ्याकडे दोन प्लेटी आहेत, एक तुळशीजवळ पणती ठेवायला वापरतो.

फातोर्डा एक्सप्रेस

साडेनऊ हजारवाल्याला सांगितलंस का?

चोडणकार

त्याचा फोन आला होता, कधी आणताय गाडी म्हणून. म्हटलं नंतर. भांडायची ताकद नव्हती, आणि फेरी सुटत होती.

काका, देव बरें करूं. पाटोच्या बाजूला आलात तर कळवा, चहा माझ्याकडून.

चौदाचा पाना

चहा नको, त्या जुन्या केबलचा तुकडा ठेव माझ्यासाठी. पुतण्याला दाखवायचाय, तो आयटीआयला आहे.

चोडणकार

अरेरे. बाबांनी संध्याकाळीच ती परसात दुधीच्या मांडवाला आवळली. शेवट एक वीतभर उरलाय, तो कापून ठेवतो.